आबांचा डावा पाय

रविवार, ५ नोव्हेंबर २०००

ही डायरी खताच्या दुकानदाराने वर्षाच्या सुरुवातीला फुकट दिलेली. नोव्हेंबर उजाडला तरी कोरीच होती. आज वसुंधराने ती पुसून माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "मिलिटरी हॉस्पिटलातल्या डॉक्टरसाहेबांनी रोज लिहायला सांगितलंय ना? मग लिहा. तेवढंच भिंतीकडे बघत बसणं कमी होईल." माझी बायको कमी बोलते, पण बोलते तेव्हा नेम चुकत नाही.

मनात येईल ते लिहा, असं साहेब म्हणाले होते. मनात काही येत नाही, हीच तर तक्रार होती. तेव्हा जे घडेल ते लिहितो.

मी सैन्यात नर्सिंग असिस्टंट होतो. म्हणजे पलटणीच्या डॉक्टरच्या हाताखाली मलमपट्टी, इंजेक्शनं, पिण्याच्या पाण्याची तपासणी, संडासावर चुना, हे सगळं करणारा हवालदार. गेल्या वर्षी कारगिलच्या वेळी वर मदत-चौकीवर होतो. त्यानंतर झोप गेली आणि बाकीचंही बरंच काही गेलं. जूनमध्ये पेन्शन घेऊन वसईजवळच्या गिरीज गावी घरी आलो. घरात माझे वडील आबा, वसुंधरा आणि मी. आम्हाला मूलबाळ नाही.

दुपारी तरुण मंडळाची माणसं आली होती. गावातल्या बायकांसाठी दर रविवारी प्रथमोपचाराचा वर्ग घ्यायचा आहे, फौजेत जे शिकलात ते सांगा, म्हणाले. मी विचार करून कळवतो म्हणालो. वसुंधराने चहाबरोबर आतूनच होकार पाठवला.

रविवार, १२ नोव्हेंबर

पहिला वर्ग झाला. विषय: पाणी. मंडळाच्या खोलीत बऱ्याच बायका आल्या, काही माझा अवतार बघायला. विहिरीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, ते सांगितलं. लढाईत गोळीपेक्षा हगवणीने जास्त माणसं आडवी होतात, हे पहिल्याच दिवशी आम्हाला शिकवलं होतं. तेही सांगितलं.

धोंडूबाई पुढेच बसली होती. ती बाजारात फुलं विकते आणि तिच्या तोंडाला कुलूप नाही. "मास्तर, तू हसत का नायस? आमी काय शत्रू हाव?" सगळ्या हसल्या. मी पुढचा मुद्दा घेतला.

घरी आल्यावर वसुंधराने विचारलं, कसं झालं? ठीक झालं, म्हणालो. ती थोडा वेळ थांबली आणि मग भाकऱ्या थापायला गेली.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

मोरीत मुंग्या झाल्या आहेत. आबा जिथे लघवीला बसतात तिथे काळी रांग लागते. दोनदा फिनाईल टाकलं, पुन्हा येतात. अस्वच्छता माझ्या डोळ्यांना सहन होत नाही. उद्या जंतुनाशक पावडर मारतो.

आबा पाणी फार पितात, त्यामुळे सारखे उठतात. पूर्वी असे नव्हते. अंगाने उतरलेही आहेत, पण सत्तरी ओलांडली, चालायचंच. पाणी भरपूर पिणं चांगलं, हे मीच रविवारी सांगून आलो.

रविवार, १९ नोव्हेंबर

दुसरा वर्ग: पाय. हा माझा आवडता विषय. कूच संपली की जवान रांगेत बसत, बूट-मोजे काढत आणि मी एकेकाच्या पायापुढे उकिडवा बसून बघत जाई. फोड, चिखल्या, नखं, भेगा. मला ते काम बरं वाटे, कारण पायाला चेहरा नसतो. पुढे कोणाचं काय झालं ते आठवत बसावं लागत नाही.

पद्धत सांगितली. आधी विचारायचं, दुखतं का? ज्याला दुखतं त्याला बाजूला घ्यायचं. ज्याला दुखत नाही त्याने बूट घालून चालू लागायचं. हिमदंश हा धडा सगळा गाळला. गिरीजमध्ये केळी-नारळाच्या वाड्यांत बर्फ कुठून येणार?

धोंडूबाई म्हणाली, "आमचे पाय बघनारा नवरा काय भेटला नाय, हवालदार तरी भेटला." टाचांच्या भेगांना काय करावं, असं तिनेच विचारलं. गरम पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचे दोन खडे, त्या जांभळ्या पाण्यात पाय बुडवून बसायचं, मग तेल. सगळ्यांनी लिहून घेतलं.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

आबांच्या टाचांना मोठ्या भेगा आहेत. वर्षभर अनवाणी, दुसरं काय होणार? आमच्या घरात पानवेलीत चप्पल घालून कोणी जात नाही. विड्याचं पान देवाला जातं, वेल म्हणजे घरची लक्ष्मी. आजोबा बांधापाशी वहाणा काढत. आबांनी तर त्या विकत घेणंच सोडून दिलं. गावातल्या बहुतेकांनी वेली काढून केळी लावल्या, आबांनी बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, कडेची एवढीशी वेल जिवापाड राखली आहे.

आज सकाळी त्यांना पडवीत बसवलं, बंबातलं कढत पाणी घमेल्यात ओतलं, थोडं गार घातलं, खडे टाकले. "आबा, चटका बसतो का?"

"नाय रे. कोमटच हाय."

मग आणखी कढत घातलं. आमच्याकडे पद्धत अशीच, ज्याचा पाय त्याने सांगायचं. आबा निवांत बसून सुपारी कातरत होते. बराच वेळ बसू दिलं. वसुंधरा घमेलं ओतायला आली, पाण्यात हात घालून चटकन काढला, माझ्याकडे बघितलं आणि घमेलं उचलून गेली.

आबांच्या सहनशक्तीचं मला कौतुक वाटलं. कौतुक वाटलं, हे लिहून ठेवतो. साहेबांना सांगता येईल.

बुधवार, २२ नोव्हेंबर

आबांच्या डाव्या तळव्याला अंगठ्याच्या मुळाशी मोठा फोड आला. वेलीत ढेकळावर पाय पडला असेल. दुखतं का, विचारलं. नाही म्हणाले. सुई उकळून कडेने टोचलं, पाणी काढलं, कातडं तसंच ठेवलं, पट्टी बांधली. हे काम मी किती वेळा केलं असेल त्याची गणती नाही. हात आपोआप चालतात.

लगेच उठून पानं खुडायला गेले. त्यांना मी फिट ठरवलं.

रविवार, २६ नोव्हेंबर

तिसरा वर्ग: रक्तस्राव. धोंडूबाईच्या हातावर पट्टी बांधून दाखवली. जो ओरडतो तो जिवंत आहे, आधी गप्प असलेल्याकडे जा, हे सांगताना मध्येच माझं बोलणं थांबलं. का थांबलं ते कळलं नाही. पोरगेलासा कोणीतरी होता, डोळे उघडे होते, एवढंच आठवलं. धोंडूबाईने मुकाट्याने तांब्या पुढे केला. पाणी पिऊन पुढे शिकवलं.

शनिवार, २ डिसेंबर

आबांची पट्टी बदलली. अंगठ्याचा रंग काळपट आहे. परमँगनेटचा डाग कातडीवर बरेच दिवस राहतो, नखांत तर महिनाभर. साबणाने घासून बघितलं, निघाला नाही. घासताना आबा पेपर वाचत होते.

मंगळवार, ५ डिसेंबर

वसुंधरा म्हणाली, "अहो, पडवीत वास येतोय."

मी हुंगून बघितलं. मला काही येत नाही.

"उंदीर मेलाय का बघा," म्हणाली. कौलांत, लाकडांमागे, सगळीकडे बघितलं. उंदीर नाही. दुपारी ती पुन्हा काहीतरी सांगायला आली होती. मी पावडर मारत होतो, म्हणून परत गेली.

गुरुवार, ७ डिसेंबर

आबा आज वेलीत गेले नाहीत. अंग कसकसतंय म्हणाले. ताप बघितला, होता. मलेरियाचे दिवस आहेत, म्हणून क्लोरोक्विन दिलं.

संध्याकाळी लुसी पानं न्यायला आली. पलीकडच्या वाडीतली लुसी शाळेत माझ्या वर्गात होती, आता वसईच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिची आई पान खाते. पडवीच्या पायरीवरच ती थबकली.

"श्रीरंग, हा वास कसला?"

"कसला वास?"

ती सरळ आबांच्या खाटेपाशी गेली, पट्टी सोडली आणि खाली बसली. मग म्हणाली, "आबा, डोळे मिटा. मी हात लावला की सांगा." तिने घोट्यापर्यंत ठिकठिकाणी बोट लावलं. आबा डोळे मिटून वाट बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "लाव ना गो. कवाची थांबलीस?"

लुसीने माझ्याकडे वर बघितलं. "साखर कधी तपासली होतीस यांची?"

मी म्हणालो, त्यांना काही दुखत नाही.

"तेच तर," ती म्हणाली. तिने आपली स्कूटर तिथेच ठेवली आणि रिक्षा आणायला वसुंधराला पाठवलं.

शुक्रवार, ८ डिसेंबर

आबा हॉस्पिटलात. साखर फार वाढलेली आहे, कित्येक वर्षांची असेल, डॉक्टर म्हणाले. पायाच्या नसा मेल्या आहेत. अंगठ्याचा काळा रंग डाग नव्हता. अंगठा सडलेला होता.

डॉक्टरांनी विचारलं, "तळव्याला हे झालं कशाने? भाजल्यासारखं दिसतंय."

मी तोंड उघडलं होतं. खाटेवरून आबा म्हणाले, "पानवेलीत काटा लागला. चप्पल घालत नाय ना मी. जुनी खोड."

डॉक्टर वैतागून म्हणाले, "या तुमच्या अनवाणी चालण्याने किती पाय गेले हो." आबांनी होकाराची मान हलवली. आयुष्यात त्या वेलीबद्दल वाकडा शब्द त्यांनी कोणाचा ऐकून घेतला नव्हता.

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. हिमदंशाच्या पायाला गरम पाणी देताना थर्मामीटर लावायचा किंवा आपलं कोपर बुडवून बघायचं. पेशंटला कधी विचारायचं नाही, कारण तो पाय बधिर असतो. हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. तो नियम बर्फाचा नव्हता, बधिर पायाचा होता, हे बाकावर बसल्यावर कळलं. आम्हाला सगळं विशीतल्या धडधाकट पोरांसाठी शिकवलेलं. म्हाताऱ्या माणसाचा पाय मी कधी हातात घेतलाच नव्हता.

हे सगळं कळूनही छातीत काही हललं नाही.

रविवार, १० डिसेंबर

वर्ग घेतला नाही. पायाची सूज घोट्याच्या वर गेली. डॉक्टर म्हणतात, गुडघ्याखालून कापावा लागेल. दोन दिवस औषधावर थांबून बघू, पण आशा धरू नका.

नातेवाईक येऊन जातात. आबा प्रत्येकाला काट्याची गोष्ट सांगतात. आता तर काटा कुठल्या झुडपाचा तेही सांगू लागले आहेत. प्रत्येक जण मला म्हणतो, तू घरात होतास हे नशीब. मी मान हलवतो.

मंगळवार, १२ डिसेंबर

औषधाने उतार नाही. गुरुवारी ऑपरेशन.

आबांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. अशी कामं मी केली आहेत, वाक्यं पाठ आहेत. खाटेजवळ उभा राहून सांगितलं. आबा छताच्या पंख्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "गुडघा ऱ्हाईल?"

"राहील."

"मग बसून पानं खुडता येतील." थोड्या वेळाने म्हणाले, "वेलीला पानी कोन घालतं?"

वसुंधरा घालते, म्हणालो. आबांनी तिला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "चप्पल घालून जा गो आतापासून. काय व्हत नाय." वसुंधरा पदर तोंडाशी धरून बाहेर गेली. मी सलाईनचे थेंब मोजत उभा राहिलो.

गुरुवार, १४ डिसेंबर

ऑपरेशन झालं. डावा पाय गुडघ्याखालून गेला. जीव वाचला.

शनिवार, १६ डिसेंबर

घरी आंघोळीला आलो होतो. वसुंधरा बंब पेटवत होती. मला म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी पाणी फार कढत होतं. माझा हात पोळला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुमच्या औषधाला तेवढं कढत लागत असेल. तुम्ही शिकलेले." ती लाकूड सरकवत राहिली. "आणि खरं सांगू का? तुम्हाला काही सांगायचं म्हणजे बंद दाराशी बोलल्यासारखं होतं. वासाचंही मी तीनदा सांगायला आले होते."

मी तिचा हात हातात घेतला. बोटांवरची कातडी कधीच बरी झाली होती. तरी ती बोटं मी बराच वेळ धरून बसलो. तिला भीती वाटली असावी, कारण तिने विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

मी म्हणालो, "पाणी मी ओतलं, वसुंधरा. काटा नव्हता."

"माहितेय. आबांनाही माहितेय," ती म्हणाली. "तुमच्या तोंडाकडे बघून गप्प आहेत. याला आणखी एक ओझं नको, म्हणाले मला."

रविवार, १७ डिसेंबर

वर्गाला गेलो. पायाचा धडा पुन्हा घेतला. सांगितलं, मागच्या वेळी चुकीचं शिकवलं होतं. दुखतं का, असं विचारून थांबायचं नाही. डोळे मिटायला लावायचे आणि कापसाने स्पर्श करून बघायचा. गरम पाण्यात आधी आपलं कोपर. काय घडलं तेही सांगितलं.

मग एकेकीचे पाय तपासले. धोंडूबाईला दोन्ही तळव्यांवर कापूस कळला नाही. उद्या उपाशीपोटी रक्त तपासायला जा, म्हणालो. ती म्हणाली, सोमवारी फुलांचा बाजार असतो आणि मला दुखत तर कायच नाय. मी तिच्यावर ओरडलो. खोली दणाणली. इतका मोठा आवाज माझ्या गळ्यातून कधी निघाला होता, आठवत नाही.

धोंडूबाई उठली, टोपली उचलली. "जातंय बाबा," म्हणाली. "रडू नको पन."

मी रडत होतो, हे मला तिने सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

बुधवार, २० डिसेंबर

लुसीने निरोप दिला, धोंडूबाईला साखर निघाली. गोळ्या सुरू केल्या. पायाला जखम नाही.

शुक्रवार, २२ डिसेंबर

आज हॉस्पिटलात माझी पाळी होती. वॉर्डात नाताळच्या कागदी चांदण्या लावत होते. आबा सकाळपासून अस्वस्थ, दात आवळून पडलेले. काय होतंय, विचारलं तर मान फिरवली. माझी जुनी सवय असती तर मी तेवढ्यावर निघून आलो असतो. आज खाटेवर बसलो आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. शेवटी तेच शरमल्यासारखे म्हणाले, "श्रीरंगा, पाय दुखतोय."

"उजवा?"

"डावा. अंगठा. ठणकतो रे, जीव जातो. कितीक वर्षांत दुखला नव्हता."

असं होतं, हे मला माहीत आहे. पाय कापलेल्या जवानांना नसलेल्या पायात कळा येतात. आम्ही सांगायचो, पाय आता नाही, मनाला समजाव. शेजारच्या खाटेपाशी उभी असलेली नर्सही तेच म्हणाली, "आबा, तिथे काही नाहीये, बघा." आबा चादरीकडे बघत नव्हते.

मी खाटेच्या पायथ्याशी सरकलो. डाव्या बाजूला चादर सपाट होती. पाय जिथे असायला हवा होता, तिथे दोन्ही हात ठेवले आणि अंगठ्याच्या जागी चादर दाबू लागलो.

"इथे?"

"जरा खाली."

मी खाली सरकलो. त्यांचे डोळे मिटले, जबडा सैल झाला. मला लहानपणासारखं आबा, आबा करून रडायचं होतं. तसा रडलोही, पण हात थांबवले नाहीत. चुकून थोडा जोर पडला.

"हळू रे," आबा म्हणाले. "दुखतं."

मी हात हलका केला.